कॉलेज कोणाच्या जमिनीवर उभे राहते? गोवे १५४१, कीव १६१५ आणि आमची मावळखोरी

१/
मंडळी, राजगड-तोरण्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. पाव शतकाहून अधिक काळ जिथे स्वराज्याची राजधानी होती, त्या गडाच्या पायथ्याशी, भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत, एखादे विद्यापीठ का उभे राहिले नाही? या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे मिळतात. मला ती दोन्ही अमान्य आहेत. हा धागा त्या दोन्ही उत्तरांविरुद्ध आहे.

२/
पहिले उत्तर असे: ‘सोळाव्या शतकात पाद्र्यांनी गोव्यात कॉलेज काढले, छापखाना आणला, विद्या आपल्याला त्यांनी दिली, आपण केवळ तलवारी परजत होतो.’ दुसरे असे: ‘आपल्याकडे घरोघरी विद्या होती, ओट्याओट्यावर शाळा होत्या, कॉलेजची गरजच नव्हती.’ पहिले उत्तर गोव्याच्या कॉलेजचा स्थापनेचा कागद न वाचता दिलेले आहे. दुसरे उत्तर आपल्या स्वतःच्या दप्तरातील सनदा न वाचता दिलेले आहे.

३/
विद्या असणे आणि विद्यालय असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्या माणसाबरोबर जगते व त्याच्याबरोबर जाते. विद्यालयाला जमीन लागते, दरवर्षीचे उत्पन्न लागते आणि दाता मेल्यावरही टिकणारा मालक लागतो. म्हणून कोणत्याही कॉलेजच्या स्थापनेला चार प्रश्न विचारावेत. जमीन कोणाची? उत्पन्न कोणाच्या हाती? शिकणार कोण, आणि कोणत्या भाषेत? देणारा गेल्यावर मालक कोण? हे चार प्रश्न घेऊन आधी गोव्यात जाऊ.

४/
सन १५४१. आल्बुकर्कने गोवे घेतल्याला ३१ वर्षे झाली होती. तिसवाडी बेटावरील देवळे नुकतीच पाडली गेली होती. गव्हर्नर इस्तेव्हांव द गामा, म्हणजे वास्को द गामाचा मुलगा, आरमार घेऊन तांबड्या समुद्रात गेलेला होता. मागे महसुलाचा कारभार पाहणारा अधिकारी होता फेर्नांव रोद्रिगिश द काश्तेलु ब्रांकु. त्याच वर्षी मिगेल वाझ हा धर्माधिकारी आणि दियोगु द बोर्बा हा धर्मोपदेशक यांनी ‘सांता फे’, म्हणजे पवित्र श्रद्धा, या नावाचे एक बंधुमंडळ स्थापन केले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांचा सांभाळ करणे आणि त्यांच्या मुलांसाठी एक विद्यालय काढणे, हा त्याचा हेतू.

५/
विद्यालयाला पैसा कुठून आणायचा? ३० जून १५४१ च्या दस्तऐवजात याचे उत्तर आहे. तिसवाडीच्या गावकारांना बोलावून त्यांच्यापुढे युक्तिवाद मांडण्यात आला. देवळे आता उरलेली नाहीत, ती पुन्हा उभी राहणार नाहीत. तेव्हा देवळांकडे असलेल्या जमिनींचे उत्पन्न आता नव्या प्रार्थनामंदिरांना व या विद्यालयाला द्यावे. गावकारांनी ते मान्य केले, आणि स्वखुशीने मान्य केले, अशी नोंद झाली. रक्कम होती वर्षाला सुमारे २००० टंके.

६/
‘स्वखुशीने’ या शब्दावर क्षणभर थांबावे. ज्यांची देवळे पाडली गेली आहेत, ज्यांच्यासमोर सत्तेचा महसूल अधिकारी बसलेला आहे, त्यांची ही खुशी! मराठी दप्तरे वाचणाऱ्याला असा शब्द नवा नाही. ‘राजीखुशीने’ लिहून दिलेल्या कागदाआड काय दडलेले असते, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

७/
आणि ती जमीन केवळ देवाच्या नैवेद्याची नव्हती. गावकारी ही गोव्यातील सामूहिक जमीनधारणेची संस्था होती. तिचे रिवाज खुद्द पोर्तुगीजांनी १५२६ च्या आज्ञापत्रात नोंदवून घेतले होते. तिच्यातून देवळाला तोडून दिलेल्या जमिनीवर पुजारी, वाजंत्री, कलावंत, कारागीर अशी सेवेकऱ्यांची उपजीविका चाले. त्या उत्पन्नाचे तोंड १५४१ मध्ये फिरवले गेले. म्हणून ‘पाद्र्यांनी आपल्याला कॉलेज दिले’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असले तरी हिशेबाने अशुद्ध आहे. कॉलेज तिसवाडीच्या गावांच्या पैशावर उभे राहिले. पहिल्या दोन प्रश्नांची ही उत्तरे झाली.

८/
पण येथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनीही घाईने टाळ्या पिटू नयेत. हे विद्यालय आरंभी जसे कल्पिले होते, ती कल्पना क्षुद्र नव्हती. तेथे गोव्याची मुले होती, मलबारची होती, कानडी मुलखातली होती, मलाया आणि हबसाण अशा दूरदेशांतली होती. आपापल्या भाषा न विसरता त्यांनी शिकावे आणि परत आपल्या लोकांत जावे, अशी योजना होती. १५४८ मध्ये आंजिरो नावाचा जपानी माणूस येथे शिकत होता. सोळाव्या शतकाच्या मध्यास, आपल्या कोकणपट्टीलगत, इतक्या देशांची मुले एका छपराखाली बसत होती, हे सत्य कोणाही इतिहासप्रेमीने नाकारू नये.

९/
मात्र कागदात मालक जो असतो तो योजना बदलू शकतो. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. पुढच्या काही वर्षांत बंधुमंडळाचे विद्यालय जेझुइट संघाकडे गेले आणि सांव पावलू, म्हणजे संत पॉल, या नावाने प्रसिद्ध झाले. इतके की या संघाच्या पाद्र्यांनाच पूर्वेकडे ‘पावलिस्त’ म्हणू लागले. बोर्बा आणि वाझ हे दोघेही १५४७ मध्ये वारले. १५४८ मध्ये आंतोनियु गोमिश हा नवा प्रमुख आला. त्याने देशी मुलांना बाहेर काढून पोर्तुगीज विद्यार्थ्यांना जागा दिली.

१०/
तिसवाडीच्या जमिनीवर उभ्या असलेल्या विद्यालयातून तिसवाडीची मुले बाहेर! पुढे झेवियरने परत येऊन गोमिशला दूर केले आणि देशी मुलांना पुन्हा प्रवेश मिळाला, हे खरे. पण ती चूक सुधारली गेली ती प्रमुखापेक्षा वरिष्ठ असलेल्या एका माणसाच्या मर्जीने. ज्यांच्या उत्पन्नावर संस्था चालली होती त्या गावकारांना तिथे ना आसन होते, ना आवाज. देशी माणसाला खुद्द संघात घेण्याबाबतही तेच. १५७५ मध्ये पेरो लुईस या मलबारच्या ब्राह्मण तरुणाला प्रवेश मिळाला आणि त्यानंतर तो दरवाजा दीर्घकाळ बंद राहिला.

११/
आता छापखाना. भारतातला पहिला छापखाना ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यात उतरला आणि याच कॉलेजात चालू झाला. हे खरे. पण तो आपल्यासाठी आलेला नव्हता. तो निघाला होता हबसाणला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. तेथील राज्य प्राचीन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेचे. त्यांना रोमच्या आज्ञेत आणण्यासाठी जुवांव नुनिश बारेतु यास धर्मप्रमुख नेमून पाठवले होते आणि छापखाना त्याच मोहिमेचे सामान होते. हबसाणच्या राजाने दाद दिली नाही. बारेतु गोव्यातच राहिला आणि १५६२ मध्ये गोव्यातच वारला. छापखाना येथे राहिला तो वाट अडल्यामुळे.

१२/
त्या छापखान्याने मराठीचे काय केले? फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. मराठी शिकला, आणि असा शिकला की सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचून गेला. ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, पण रोमन लिपीत. देवनागरी टाइपाने छापलेले मराठी पुस्तक दिसायला १८०५ साल उजाडावे लागले. ते विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण, आणि ते छापले गेले बंगालमधील श्रीरामपूरला. १५५६ ते १८०५ म्हणजे २४९ वर्षे. ‘छापखाना आणला’ असे म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करून पाहावी.

१३/
स्टीफन्सचे मराठीवरील प्रेम खरे होते. त्याच्या ओवीला मी मान देतो. पण एका माणसाचे प्रेम म्हणजे संस्थेचे धोरण नव्हे. त्याच भूमीत २७ जून १६८४ रोजी विजरई कोंदि द आल्वोर याने हुकूम काढला: तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. स्टीफन्सला जाऊन तेव्हा ६५ वर्षे झाली होती. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाची ही गोव्यातली उत्तरे. भाषा टिकवायची की नाही हे परके ठरवणार, कारण मालक ते.

१४/
शेवट काय झाला? १७५९ मध्ये पोर्तुगालच्या सरकारनेच जेझुइटांना हाकलले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉलेजची इमारत पाडली गेली. आज जुन्या गोव्यात दर्शनी भिंतीची एक कमान तेवढी उभी आहे. प्रवासी तिचे छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. ती कमान ज्या २००० टंक्यांवर उभी राहिली त्यांचा उल्लेख मात्र क्वचितच कानी पडतो.

१५/
इथे कोणी म्हणेल, ‘त्या काळी सगळीकडे हेच चालत होते, धर्मसंस्थेचे कॉलेज म्हटले की असेच असणार.’ म्हणून आता एक लांबची उडी घेऊ. ज्या ऑर्थोडॉक्स पंथाच्या हबसाणसाठी गोव्याचा छापखाना निघाला होता, त्याच व्यापक परंपरेतल्या, पण उत्तरेकडच्या एका नगरात जाऊ. नीपर नदीवरचे कीव. राज्य कॅथलिक पोलंडचे, प्रजा बहुतांशी ऑर्थोडॉक्स. पोलंडमध्ये जेझुइटांची उत्तम कॉलेजे होती आणि ऑर्थोडॉक्स घराण्यांतली हुशार मुले तिकडे जाऊन धर्म आणि भाषा दोन्ही बदलून परतत होती. प्रश्न गोव्यासारखाच होता.

१६/
ऑक्टोबर १६१५. हाल्श्का हुलेविचिव्ना नावाच्या बाईने कीवच्या पोदिल भागातील आपली जमीन व घर दानपत्र करून दिले. कशासाठी? ऑर्थोडॉक्स मठासाठी, मुलांच्या शाळेसाठी आणि वाटसरू साधूंच्या निवाऱ्यासाठी. ते दान एखाद्या गुरूच्या घराण्याला केलेले नव्हते. त्या जागेवर नगरातील लोकांचे बंधुमंडळ उभे राहिले. कोणाची देवळे पाडून मिळालेली ही जमीन नव्हती. दात्री स्वतः मालक होती आणि ‘स्वखुशीने’ हा शब्द इथे खरा होता.

१७/
पुढचा भाग मावळ्यांच्या वारसांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. कझाक म्हणजे नीपरच्या खोऱ्यातले लढवय्ये. गवताळ मैदानातले घोडेस्वार आणि नावाडी, कोणत्याही बादशहाला न जुमानणारे. त्यांचा सरदार पेत्रो साहायदाच्नी १६२० मध्ये आपल्या साऱ्या सैन्यासह त्या बंधुमंडळाचा सदस्य झाला. शाळेला हात लावाल तर या सैन्याशी गाठ आहे, असा त्याचा सरळ अर्थ. १६२२ मध्ये तो वारला तेव्हा आपल्या संपत्तीतील वाटा त्याने शाळांच्या नावे ठेवला. लढवय्यांना शाळेचे काय, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे.

१८/
१६३२ मध्ये कीवच्या गुहामठाचा प्रमुख पेत्रो मोहिला याने आपली नवी शाळा बंधुमंडळाच्या शाळेत मिसळली आणि कॉलेज झाले. मोहिलाने अभ्यासक्रम कोणाचा घेतला? चक्क जेझुइटांचा! लॅटिन भाषा, वक्तृत्व, तर्कशास्त्र, तेच वर्ग, तीच रीत. स्वकीय चिडले, ‘हा रोमचा हस्तक’ म्हणाले. १६३५ मध्ये सिल्वेस्त्र कोसिव्ह या अध्यापकाला कॉलेजच्या बचावाचा ग्रंथ छापावा लागला. मोहिलाचे म्हणणे साधे होते: विरोधकाची भाषा येत नसेल तर त्याला उत्तर काय देणार?

१९/
हाच या धाग्याचा मध्यबिंदू आहे. गोव्यात आणि कीवमध्ये शिकवले जात होते ते जवळजवळ एकच. वेगळा होता तो स्थापनेचा कागद. गोव्यात लॅटिन शिकणारा मुलगा आपल्या गावापासून तुटत गेला; कीवमध्ये लॅटिन शिकणारा मुलगा आपल्या पंथाचा कैवारी झाला. त्याच १६३२ सालात हबसाणच्या राजाने रोमशी जोडलेले नाते तोडून ऑर्थोडॉक्स धर्म पुन्हा स्थापित केला. लादलेले शिक्षण तिकडे झुगारले गेले, आणि त्याच साली कीवमध्ये आपखुशीने उचललेले शिक्षण रुजले.

२०/
कीवचा देव्हारा करू नका, हेही सांगतो. तिथेही पुढे झारची सत्ता आली. १७२० मध्ये कीवच्या छापखान्यांवर बंधने आली. १७८६ मध्ये राणी कॅथरीनने मठांच्या जमिनी सरकारजमा केल्या आणि १८१७ मध्ये ती अकादमी बंद झाली. क्रम पाहा: आधी भाषेवर घाला, मग जमिनीवर, आणि शेवटी दाराला कुलूप. पण २०० वर्षे ती संस्था चालली. युद्धांत होरपळली, १६६५ नंतर काही वर्षे बंदही होती, तरी पुन्हा उघडली. कारण ती कोणा एकाची नव्हती. ‘आमच्याकडे सतत लढाया होत्या हो’ या सबबीला हे उत्तर आहे. लढाया त्यांच्याकडेही होत्याच.

२१/
आता घरी येऊ. भोर तालुक्यात हिरडस मावळ, रोहिडखोरे, वेळवंडखोरे. वेल्ह्यात गुंजण मावळ आणि कानदखोरे. कारीचे जेधे, बांदल, खोपडे, शिळीमकर, मरळ ही येथली देशमुख घराणी. यांच्या घरात विद्या नव्हती असे कोण म्हणेल? ‘जेधे शकावली’ पाहा. १६१८ ते १६९७ या काळातील घटनांची तिथीवार नोंद. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि शिवचरित्राच्या कालनिर्णयाचे कितीतरी वाद त्या चोपडीने मिटवले. एका खोऱ्यातल्या घराण्याने जपलेला हा कागद आहे. तेव्हा पहिले उत्तर, ‘आपण केवळ तलवारी परजत होतो’, हे साफ खोटे आहे.

२२/
पण दुसऱ्या उत्तराची परीक्षाही तितक्याच कठोरपणे झाली पाहिजे. ती चोपडी जेध्यांच्या घरात राहिली. मोडी लिहिण्याची विद्या देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घरात राहिली. वेद भटजींच्या घरात राहिले. घर बुडाले की विद्या बुडाली. आपल्या इनामपत्रांतील एक वाक्प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे: ‘पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने’. जमीन दिली पुत्रपौत्रांना, वृत्ती दिली पुत्रपौत्रांना, पद दिले पुत्रपौत्रांना. गोव्याचा कागद बंधुमंडळाच्या नावे होता, कीवचाही बंधुमंडळाच्या हाती आला. आमचा कागद वंशाच्या नावे होता. राजगडाखाली विद्यापीठ का नाही, याचे उत्तर या दोन शब्दांत आहे.

२३/
याचे सर्वांत बोलके उदाहरण खुद्द भोर आहे. सचिव, म्हणजे सुरनीस, हे अष्टप्रधानांतले पद. राज्याची पत्रे तपासणे, मजकुरातील अधिकउणे दुरुस्त करणे, हिशेबावर नजर ठेवणे हे त्याचे काम. राज्यातील सर्वाधिक कागद ज्याच्या नजरेखालून जात तो हा माणूस. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण या पराक्रमी पुरुषाकडे ते पद आले आणि त्याबरोबर या खोऱ्यांची जहागीर आली. कारकून, लेखक, हिशेबनीस घडवणारी शाळा महाराष्ट्रात कुठे निघायची तर ती भोरलाच निघायला हवी होती. झाले काय? पदाचे वतन झाले, वतनाचे संस्थान झाले आणि ते १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत वंशपरंपरेने चालले.

२४/
‘आमचे मठ होते की!’ होते. वरंध घाट उतरले की शिवथरघळ आहे. दासबोधाचे लेखन तिथे झाले असे परंपरा सांगते. समर्थांनी गावोगाव मठ उभारले, शिष्य नेमले, लिहिण्या-वाचण्याचा, अक्षर सुंदर काढण्याचा आग्रह धरला. कीवच्या मठाशी तुलना करण्याजोगे आपल्याकडे काही असेल तर ते हेच. पण समर्थांच्या पश्चात मुख्य संस्थानाचा अधिकार त्यांच्या वडीलबंधूंच्या वंशाकडे गेला. ब्रह्मचारी संन्याशाच्या गादीलाही शेवटी पुत्रपौत्रादी सापडले. यात कोणा व्यक्तीचा दोष नाही. समाजाला दान देण्याची दुसरी रीतच ठाऊक नव्हती.

२५/
आणि त्या रीतीची किंमत कोणी मोजली? गडाच्या मेटांवर रात्रंदिवस पहारा करणारे रामोशी, कोळी, महार यांच्या मुलांनी. वंशपरंपरेची विद्या म्हणजे ज्या वंशात ती नाही त्याला कायमची बंदी. गोमिशने देशी मुले बाहेर काढली म्हणून आपण संतापतो, योग्यच आहे. पण आमच्या ओट्यावर ती मुले मुळात चढलीच नव्हती. त्यांना बाहेर काढण्याचीही गरज पडली नाही. ‘घरोघरी विद्या होती’ म्हणणाऱ्यांनी कोणाच्या घरी, हे सांगावे.

२६/
पैसा नव्हता, ही सबबही चालणार नाही. तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली श्रावणमासातील दक्षिणा पेशव्यांनी पुण्यात पुढे चालवली. देशोदेशीचे ब्राह्मण पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात जमत. लाखो रुपये वाटले जात. प्रत्येकजण आपली रक्कम घेऊन आपल्या गावी जाई. पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. ती एवढी रक्कम ओतून एकही कॉलेज उभे राहिले नाही. मग पेशवाई बुडाली. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी कमिशनर चॅप्लिनने त्याच दक्षिणेतील काही पैसा वळवून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज आले.

२७/
पैसा तोच, पुणे तेच, शास्त्रीही तेच. आरंभी विद्यार्थीही ब्राह्मणच. पण हातातली दक्षिणा संस्थेचे उत्पन्न झाली आणि कॉलेज जन्माला आले. ते परक्याने केले म्हणून त्याचे गोडवे गाऊ नयेत. ते आपण केले नाही याची बोच मात्र असावी. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांचे सहकारी उठले व दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांकडे वळवा असा अर्ज त्यांनी केला. पुण्यात गदारोळ उठला आणि त्या अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले. ज्यांना रमण्यात प्रवेश नव्हता त्यांचा प्रतिनिधी संस्थेच्या बाजूने उभा राहिला, हा योगायोग नव्हे.

२८/
हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक होत्या. आदर्श म्हणून ज्या दोन ठिकाणांची नावे पुढे केली त्यांतले एक नंदुरबारचे तोरणमाळ आणि दुसरे आमचे पानशेत, वेल्हे तालुका. म्हणजे आताचा राजगड तालुका. लहान शाळांची मुले गाडीने एका मोठ्या शाळेत आणायची, अशी ती कल्पना.

२९/
समूह शाळेला माझा आंधळा विरोध नाही. एका खोलीत चार इयत्ता आणि पाच मुले, ही काही विद्येची सुवर्णभूमी नव्हे. मोठी शाळा, पुरेसे शिक्षक, प्रयोगशाळा, खेळाचे मैदान हे आमच्या मुलांनाही हवे. पण इतिहास वाचणाऱ्याने येथे १५४१ आठवले पाहिजे. नव्या इमारतीची छायाचित्रे पाहण्याआधी कागद मागितला पाहिजे आणि तेच चार प्रश्न विचारले पाहिजेत.

३०/
जमीन कोणाची? वाडीवरच्या शाळेची जागा पुष्कळदा गावानेच दिलेली असते. शाळा हलली की ती जागा कोणाची होणार? उत्पन्न कोणाच्या हाती? आज गाडीचा खर्च देणारा उद्या थांबला तर घाटातल्या वाडीची मुलगी शाळेत कशी पोहोचणार? शिक्षणहक्क कायद्यान्वये प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. ते अंतर गाडीच्या भरवशावर ताणले तर त्या भरवशाला कायद्याचे बळ काय? शिकणार कोण? पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला की पहिली गैरहजर राहणार ती धनगरवाड्यावरची, कातकरी वस्तीवरची पोरे. आणि शेवटचे: आज उत्साहाने ही शाळा उभारणारा अधिकारी बदलून गेल्यावर मालक कोण?

३१/
या खोऱ्यांनी देण्यात कधी हात आखडला नाही. स्वराज्याला माणसे दिली. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर या धरणांखाली जमिनी दिल्या. त्या पाण्यावर पुणे वाढले, खालचा बागायती मुलूख पिकला. तेही पुष्कळदा ‘राजीखुशीने’च. देणाऱ्याने कागद वाचून घेतला नाही की काय होते, हे तिसवाडीच्या गावकारांनी साडेचारशे वर्षांहून आधी दाखवून दिले आहे.

३२/
म्हणून माझे मागणे एवढेच. ज्या गावची शाळा समूह शाळेत जाणार आहे त्या गावाने ग्रामसभेत लेखी ठराव करावा. जुन्या जागेची मालकी गावाकडे राहावी आणि ती वाचनालयासाठी किंवा अभ्यासिकेसाठी राखावी. गाडीची जबाबदारी कोणत्या खात्याची, किती वर्षांची, हे लिहून घ्यावे. नव्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत प्रत्येक वाडीचा पालक असावा, विशेषतः ज्या वस्तीवरून एकच मूल येते तिचा. गोव्याच्या गावकारांना जे आसन मिळाले नाही ते आपण मागून घ्यावे.

३३/
आणि दान देऊ शकणाऱ्या भोर-वेल्हेकरांनी, जे आज पुण्या-मुंबईत स्थिरावले आहेत, त्यांनी हाल्श्काचे नाव लक्षात ठेवावे. यात्रेची कमान, सभामंडपाची फरशी, दरवर्षीचा भंडारा यांतला एक वाटा संस्थेच्या नावे, गावाच्या विश्वस्त मंडळाच्या नावे, कायमच्या कागदावर ठेवावा. त्या कागदात सर्व काही असावे. ‘पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने’ तेवढे नसावे.

धागा येथे संपतो. मतभेद असतील तर जरूर मांडा. मात्र कागद पुढे ठेवून मांडा. लेखनसीमा.